अधूनमधून न दिसणारी हार्ड डिस्क

बाह्य हार्ड डिस्क एकदाची बंद पडली की निदान सोपे असते. खरी परीक्षा घेते ती लॅपटॉपला कधी दिसणारी आणि कधी न दिसणारी डिस्क. बीदर आणि कलबुर्गी या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या जिल्ह्यांत, भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद अशा गावांतल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांना ही तक्रार सवयीची आहे. ग्राहक मराठीत सांगो, कन्नडमध्ये की उर्दूत, म्हणणे एकच असते: काल घेतली, आज घेत नाही. दुकानात जोडली की डिस्क लगेच दिसते, ग्राहक समाधानाने घरी जातो आणि दोन दिवसांनी तीच डिस्क घेऊन परत येतो.

या डिस्कवर असते ते सहसा पुन्हा मिळण्यासारखे नसते. फोटो स्टुडिओवाल्यांची लग्नसराईतली चित्रीकरणे असतात. माणिकनगरच्या माणिकप्रभू संस्थानातली भजने, खानापूरच्या मैलार मल्लण्णाची जत्रा, गाणगापूरची दत्तसेवा, गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह यांची ध्वनिमुद्रणे असतात. 1956 साली हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. त्याआधीच्या हैदराबाद राज्यातल्या जमिनीच्या आणि घराण्याच्या जुन्या कागदांचे स्कॅनही अनेकांनी अशाच डिस्कवर ठेवलेले असतात. म्हणून या कामाचा पहिला नियम दुरुस्तीचा नाही. डिस्क दिसत आहे तोवर आधी डेटा काढून घ्यायचा, दोष मग शोधायचा. अधूनमधून दिसणारी डिस्क पुढच्या वेळी दिसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.

दोषाच्या जागा

लॅपटॉप आणि डिस्क यांच्यामध्ये पाच-सहा जोड असतात: लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट, केबल, डिस्कच्या कवचावरचे सॉकेट, सॅटा आणि यूएसबी यांच्यात दुभाष्याचे काम करणारे सर्किट, खुद्द डिस्क, आणि लॅपटॉपची विंडोज प्रणाली. यातला कोणताही जोड कमकुवत झाला तरी बाहेर दिसणारे लक्षण एकच, ‘डिटेक्ट होत नाही’. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाहेरून आत जायचे. केबल आणि पोर्ट एकदमच बदलले, डिस्क दिसू लागली, तर दोष दोघांपैकी कोणात होता हे कळत नाही आणि तो पुन्हा उपटतो.

त्याआधी विचारपूस. डिस्क कोणत्या पोर्टला लावली होती, चार्जर जोडलेला होता की लॅपटॉप बॅटरीवर होता, मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन केबल होती का, जोडताच न दिसणे आणि काम करताकरता गायब होणे यांपैकी काय घडते, डिस्क कधी पडली होती का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लोक संकोचाने देतात, आणि निदानाला सर्वांत जास्त उपयोग त्याच उत्तराचा होतो. दुकानात चालते, घरी चालत नाही, असे असेल तर घरचीच केबल आणि घरचाच लॅपटॉप मागवून घ्यावा. दुकानातल्या चांगल्या केबलवर तपासलेली डिस्क निर्दोष ठरते, आणि दोष घरच्या टेबलावर तसाच राहतो.

करंट कमी पडणे

अडीच इंची पोर्टेबल डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो. तिची मोटर, हेड आणि सर्किट हे सगळे यूएसबी पोर्टमधून येणाऱ्या पाच व्होल्टवर चालते. यूएसबी 2.0 च्या नियमाप्रमाणे पोर्टने 500 मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी 3.0 च्या नियमाप्रमाणे 900. फिरत असलेली डिस्क याच्या आत भागवते. पण थांबलेली तबकडी मिनिटाला 5400 फेऱ्यांच्या वेगाला नेताना पहिल्या काही क्षणांत मोटर एक अँपिअरच्या आसपास ओढते. चांगला पोर्ट ही ओढ सहन करतो. जुन्या लॅपटॉपचा थकलेला पोर्ट, किंवा एकाच पोर्टवर माउस, पेन ड्राइव्ह आणि डिस्क चालवणारा बिनअडॅप्टरचा हब ती सहन करत नाही. व्होल्टेज खाली येते, मोटर अर्ध्यावर थांबते, डिस्क पुन्हा सुरुवात करते. लॅपटॉपमधून जोडल्याचा आणि तुटल्याचा आवाज आलटून पालटून येत राहतो, तो यामुळे.

केबलचाही यात वाटा असतो. स्वस्त केबलमधल्या तारा केसासारख्या बारीक असतात. अशा एक मीटर तारेतून अँपिअरभर करंट जाताना-येताना 0.4 व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतो. डिस्कला पाच व्होल्टमध्ये साधारण पाच टक्क्यांची, म्हणजे पाव व्होल्टची घट चालते. त्यापुढे तिचा भरवसा नाही. म्हणूनच डिस्कसोबत येणारी केबल आखूडच असते. ती हरवली की लोक मीटरभर लांब केबल आणतात आणि त्या दिवसापासून डिस्क ‘मूडी’ होते.

उपाय सरळ आहेत. हब आणि एक्स्टेन्शन काढून डिस्क थेट लॅपटॉपला लावावी. निळ्या रंगाचा किंवा एसएस अशी खूण असलेला 3.0 पोर्ट वापरावा. जुन्या लॅपटॉपवर दोन यूएसबी टोके असलेली वाय केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब वापरावा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो. तो जुना झाला की बिनभाराचे 12 व्होल्ट बरोबर दाखवतो आणि भार पडताच ढेपाळतो. म्हणून मल्टिमीटर डिस्क फिरत असताना लावून पाहावा.

केबल आणि सॉकेट

अनेक पोर्टेबल डिस्कवर मायक्रो-बी 3.0 जातीचे रुंद, दोन भागांचे सॉकेट असते. त्यात दहा संपर्क असतात. एका भागातले पाच जुन्या 2.0 साठी आणि दुसऱ्या भागातले पाच 3.0 च्या वेगासाठी. प्लग जरा तिरका बसला आणि दुसऱ्या भागाचा संपर्क सुटला तर डिस्क दिसते, पण मंद चालते. 2.0 च्या तारांवर सेकंदाला 480 मेगाबिटची मर्यादा आहे, 3.0 वर पाच गिगाबिटची. ‘आधी लग्नाची फाइल पटकन जायची, आता तास लागतो’ असे कोणी म्हणाले, तर डिस्क खराब झाल्याचा निष्कर्ष काढण्याआधी प्लग नीट दाबून पाहावा.

हे सॉकेट आतल्या सर्किटवर थेट डाग देऊन बसवलेले असते. मांडीवर लॅपटॉप, बाजूला लोंबणारी डिस्क, केबलवर तिचे वजन, असे रोज चालले की डाग हळूहळू तडकतात. कवच उघडून भिंगाखाली पाहिले की सॉकेटच्या पत्र्याच्या पायांभोवती बारीक काळे वर्तुळ दिसते. बाकीचा डाग चकचकीत असतो, हे वर्तुळ मळकट असते. लाकडी काडीने सॉकेट किंचित ढकलले तर ते केसभर हलते. डिस्क कधी दिसते, कधी नाही, याचे पूर्ण उत्तर तेवढ्या केसभर फटीत असते. डिस्क ठरावीक कोनात ठेवली की चालते, असे ग्राहक सांगतो तेव्हा बहुतेक वेळा हेच निघते. फ्लक्स लावून नवा डाग दिला की ती वर्षानुवर्षे चालते. फक्त हे काम डेटाची प्रत झाल्यावरच करावे.

केबल हलवून संपर्क तपासताना डिस्क टेबलावर सपाट असावी आणि हलवायची ती फक्त केबल. फिरणारी डिस्क उचलून, उलटी करून पाहण्याची सवय घातक आहे. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते आणि त्याला एवढासा झटकाही पुरतो.

लॅपटॉपची बाजू

दुसऱ्या लॅपटॉपवर डिस्क प्रत्येक वेळी दिसत असेल तर पहिल्या लॅपटॉपकडे वळावे. पोर्टमध्ये या भागात दोन गोष्टी हमखास सापडतात: बीदरची लाल जांभ्याची धूळ आणि कलबुर्गीकडच्या काळ्या रानाची माती. लॅपटॉप पूर्ण बंद करून मऊ ब्रशने पोर्ट झाडावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि वाळल्यावर सुरू करावा. पिन किंवा सुई घालू नये.

नंतर विंडोज. वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकामा दिसणारा पोर्ट झोपवते आणि काही सर्किटे त्या झोपेतून नीट उठत नाहीत. लॅपटॉप स्लीपमधून जागा झाल्यावरच डिस्क हरवत असेल तर संशय इथे घ्यावा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढावी. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा अर्धवट झोपलेला असतो. ते बंद करून किंवा ‘रीस्टार्ट’ करून पाहावे.

डिस्क ‘दिसत नाही’ म्हणजे नेमकी कुठे दिसत नाही, हेही पाहावे लागते. धिस पीसीमध्ये नाही, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये योग्य क्षमतेसह आहे, असे असेल तर केबल आणि सर्किट ठीक आहेत आणि फक्त ड्राइव्हचे अक्षर मिळालेले नाही. ते देऊन काम भागते. क्षमतेच्या जागी ‘नो मीडिया’ दिसले तर सर्किट बोलते आहे, पण आतली डिस्क त्याला उत्तर देत नाही. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आले तर सुरुवातीची ओळखपरेडच फसली आहे. केबल, सॉकेट किंवा सर्किट तपासावे. इनिशिअलाइझ करा किंवा फॉरमॅट करा, असे विंडोज विचारते तेव्हा उत्तर नाही असेच द्यायचे. हो म्हणून गेलेला डेटा परत आणण्याचे काम मूळ दोषापेक्षा मोठे होऊन बसते.

इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये वेळेसकट नोंदी मिळतात. 157 क्रमांकाची नोंद डिस्क अचानक निघून गेल्याचे सांगते, 153 वाचन-लेखन पुन्हा करावे लागल्याचे, 7 खराब ब्लॉकचे. 157 एकटीच वारंवार येत असेल तर वीज आणि केबल पाहाव्यात. 7 दिसली की डिस्ककडेच जावे. शंका उरली तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. तिथेही डिस्क तशीच हरवत असेल तर विंडोज निर्दोष ठरते.

लाईट, उष्णता आणि मांडव

एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा 40 अंशांच्या वर जातो. बऱ्याच बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेची मर्यादा 35 अंश दिलेली असते. लग्नाचे चित्रीकरण कॉपी होत असताना डिस्क रेक्झिनच्या पाऊचमध्येच ठेवण्याची पद्धत आहे, आणि धूळ लागू नये हा त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण आत उष्णता कोंडते, सर्किट तापते आणि अर्ध्या तासाने डिस्क गायब होते. गार झाली की पुन्हा दिसते. अर्धा तास चालून जाणारी डिस्क पाऊचबाहेर, पंख्याखाली ठेवून पाहणे ही बिनखर्चाची चाचणी आहे.

मांडवात जनरेटरची वीज असते, घरी लाईट ये-जा करते. लॅपटॉपला बॅटरी असल्याने डिस्क वाचते, पण अडॅप्टरवरच्या मोठ्या डिस्कला तो आधार नाही. लिहिताना वीज गेली की फाइल सिस्टिम अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी डिस्क फॉरमॅट मागते. मोठी डिस्क यूपीएसवरच चालवावी. अर्थिंग नसलेल्या जागी लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. अशा लॅपटॉपला डिस्कबरोबर साउंड मिक्सर किंवा टीव्हीही जोडला की ती गळती यूएसबीच्या तारांतून वाट काढते आणि डिस्क तुटून पुन्हा जोडली जाते. चार्जर काढताच दोष थांबला तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे.

सेफली रिमूव्ह करण्याचा कंटाळा हेही एक कारण आहे. विंडोज 10 च्या 2018 मधल्या 1809 आवृत्तीपासून बाह्य ड्राइव्हसाठी क्विक रिमूव्हल ही मूळ निवड झाली, म्हणजे एरवी सेफली रिमूव्ह न करताही चालते. तरीही कॉपी चालू असताना केबल ओढली तर नुकसान व्हायचे ते होतेच.

डिस्कची तब्येत

बाहेरचे सगळे ठीक असेल तर कान डिस्कजवळ न्यावा. निरोगी डिस्क सुरू होताना सुर्रर असा चढत जाणारा आवाज येतो, मग हेड जागेवरून निघाल्याची एक हलकी टिक आणि नंतर एकसारखी घरघर. करंट कमी पडत असेल तर आवाज चढतो, टिक होते, आवाज उतरतो आणि पुन्हा चढतो. हेड बिघडले असेल तर ठरावीक अंतराने कट-कट-कट ऐकू येते आणि शेवटी मोटर थांबते. मोटर अडकली असेल तर फिरण्याचा आवाजच नसतो. आतून बारीक बीप येत राहते. शेवटच्या दोन आवाजांनंतर डिस्क पुन्हा जोडून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात हेड तबकडीवर घासले जाण्याचा धोका असतो.

आवाज ठीक असेल तर स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या, नोंदी वाचाव्यात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम त्या दाखवतो, मात्र प्रत्येक यूएसबी सर्किट त्या पुढे पाठवतेच असे नाही. 05 ही नोंद बदलून टाकलेल्या सेक्टरांची, सी5 ही संशयित सेक्टरांची, सी7 ही वाटेत बिघडलेल्या संदेशांची. सी7 वाढते तेव्हा दोष कवचातल्या जोडणीकडे असण्याचा संभव जास्त. सी5 वाढते तेव्हा तबकडीच झिजते आहे आणि त्या डिस्कला निवृत्त करावे.

डेटा काढणे

सी5 वाढलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवू नये. ते फाइल सिस्टिम नीट करण्यासाठी सगळी डिस्क पालथी घालते आणि थकलेल्या हेडला नको तिथे राबवते. आधी सर्वांत मोलाचे फोल्डर, मग बाकीचे, या क्रमाने कॉपी करावे. ग्राहकाला यादी विचारावी. त्याला काय हवे हे दुकानदाराला ठरवता येत नाही. मधेच डिस्क अडकत असेल तर लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अवघड जागा नोंदवून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. नोंदवही असल्याने डिस्क मधेच गेली तरी पुन्हा जोडल्यावर काम राहिले तिथून सुरू होते. अधूनमधून दिसणाऱ्या डिस्कसाठी याहून सोयीची गोष्ट नाही.

कवच उघडून आतली डिस्क थेट लावण्याचा मोह आवरावा. काही पोर्टेबल डिस्कच्या सर्किटवर सॅटाची जोडणीच नसते, यूएसबी थेट बसवलेली असते. काहींत डेटा सर्किटमध्येच कूटबद्ध होतो, त्यामुळे ते सर्किट काढले की डिस्क रिकामी भासते. काही कवचे सेक्टरचा आकार बदलून दाखवतात. म्हणून मूळ सर्किट जपून ठेवावे आणि प्लास्टिक तोडण्याआधी त्या मॉडेलची माहिती घ्यावी. तबकडीचे झाकण मात्र कोणीही दुकानात उघडू नये; ते गाळलेल्या हवेच्या स्वच्छ खोलीतले काम आहे. कट-कट करणारी डिस्क शहरातल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि खर्च किती, यश किती, हे ग्राहकाने आधीच विचारून घ्यावे. केबल, अडॅप्टर, कवच असे सुटे भाग सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये मिळतात. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही, हेही ग्राहकाला स्पष्ट सांगावे.

दुरुस्तीनंतर

दोष सापडला असे म्हणायचे ते डिस्क ग्राहकाच्याच लॅपटॉपवर, त्याच्याच केबलवर, तापल्यावरही टिकली तरच. एक मोठे फोल्डर सलग कॉपी करावे, लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून उठवावा, केबल हलकेच हलवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडावी. बदललेली केबल ग्राहकाला परत देऊ नये, कारण ती घरात दुसऱ्या डिस्कला लागते आणि दोष पुन्हा दारात येतो.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला 3-2-1 हा नियम स्टुडिओवाल्यांना विशेष लागू पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. भालकीच्या स्टुडिओची एक प्रत उदगीरच्या नातेवाइकाकडे ठेवणे हेही ‘दुसरी जागा’च आहे, त्याला महागडी सेवा लागत नाही. प्रत झाली की तिच्यातल्या दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात आणि डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी. जिच्यावर एकदा संशय आला ती डिस्क दुरुस्तीनंतर एकुलत्या एक प्रतीसाठी वापरू नये. सिनेमे, गाणी, पुन्हा मिळणाऱ्या फाइली ठेवायला ती पुरेशी आहे. लग्नाच्या आणि सप्ताहाच्या चित्रीकरणासाठी नवी घ्यावी.